दांतावरचा मुलामा निखळला तर

संक्रांतीचा दिवस. घरांत हळदीकुंकवाची तयारी चाललेली. तिळाची वडी नीट जमली आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सुनेनें तिचा कोपरा पुढच्या दांतांनीं तोडला मात्र, आणि ‘कट्’ असा बारीकसा आवाज झाला. जिभेला तिळाहून कठीण असें कांहीं लागलें. तळहातावर घेऊन पाहते तों नखाएवढी पांढरीशुभ्र चकती! चार वर्षांपूर्वीं, लग्नाच्या वेळीं, पुढच्या दांतांवर बसविलेल्या पोर्सेलीनच्या पापुद्र्यांपैकीं एक निखळला होता. सासूबाई म्हणाल्या, “घाबरूं नकोस. आधीं चूळ भर, आणि तें नीट जपून ठेव.” धाकटे दीर तेवढ्यांत टेबलाच्या खणांतून क्षणांत चिकटविणाऱ्या गोंदाची नळी घेऊन आले. “वहिनी, दोन थेंबांचें तर काम!”

त्या घरांत सर्वांत वडील माणसाचा सल्ला बरोबर होता, आणि सर्वांत तत्पर माणसाचा घातक. असें कां, हें समजण्यासाठीं हा पापुद्रा, ज्यास दंतवैद्य व्हेनीअर म्हणतात, तो काय आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे.

या मुलाम्याचा जन्म चित्रपटसृष्टींत झाला. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील चार्लस पिंकस या दंतवैद्यानें नटनटींच्या दांतांवर बसविण्यासाठीं असे पापुद्रे तयार केले. ते केवळ चित्रीकरणापुरते असत. काम संपलें कीं काढून ठेवावयाचे. त्यांना कायमचें धरून ठेवील असें कांहीं त्या वेळीं उपलब्ध नव्हतें. १९५५ सालीं मायकेल ब्युओनोकोर यांनीं दाखवून दिलें कीं, दांताच्या पृष्ठभागास फॉस्फोरिक आम्ल लावल्यास त्यावर सूक्ष्म खांचा पडतात व त्यांत राळेसारखें द्रव्य घट्ट रुतून बसतें. पुढें १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पोर्सेलीनची आंतली बाजूहि हायड्रोफ्लोरिक आम्लानें तशीच खरबरीत करण्याची रीति निघाली. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंत छिन्नीनें खरबरीत करतो, त्यांतलाच हा प्रकार. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, हातांत असतां सहज मोडेल असा हा पापुद्रा दांताशीं एकजीव झाला म्हणजे वर्षानुवर्षें टिकतो.

तेव्हां पापुद्र्याचें बळ हें त्याचें स्वतःचें नसून खालच्या दांताचें आहे. दांताच्या वरचें कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, जितकें शिल्लक असेल तितकी पकड मजबूत. दांत अधिक कोरून आंतला पिवळसर थर उघडा पडला असेल, तर पकड तेवढी भरंवशाची राहत नाहीं. आणि दंतवल्क एकदां गेलें कीं गेलें. नखें वाढतात, मोडलेलें हाड सांधतें. परंतु दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दांत हिरडींतून वर येतांच नाहींशा झालेल्या असतात. म्हणून पापुद्रा मोडला तर ‘नवा कधीं बसेल?’ यापेक्षां ‘खालचा दांत शाबूत आहे ना?’ हा प्रश्न आधीं विचारावयास हवा.

आतां गोंदाविषयीं. बाजारांतला गोंद तोंडांत वापरण्यासाठीं केलेला नसतो. त्याचा थर कमीजास्त जाडीचा होतो, पापुद्रा केसभर वांकडा बसतो, कडेला फट राहते, आणि त्या फटींतून लाळ व अन्नकण आंत जाऊन दांत कुजूं लागतो. शिवाय पापुद्र्याच्या आंतल्या बाजूच्या सूक्ष्म खांचा गोंदानें बुजतात. तो खरवडून काढतांना धड असलेला पापुद्राहि फुटण्याचा संभव असतो.

करावयाचें तें साधें आहे. कोमट पाण्यानें चूळ भरावी. निघालेला तुकडा कागदांत न गुंडाळतां लहानशा डबींत ठेवावा. कागद कचऱ्यांत जातो. दंतवैद्याकडे जाईपर्यंत पुढच्या दांतांनीं कांहीं तोडूं नये, फार गरम वा गार पदार्थ टाळावे, आणि मऊ कुंचल्यानें दांत स्वच्छ ठेवावे. पडल्यामुळें किंवा मार लागून पापुद्रा फुटला असेल, तर खालच्या दांतासहि इजा झालेली असूं शकते. तेव्हां त्याच दिवशीं दाखवावें. तुकडा घशांत जाऊन खोकला वा श्वासास अडथळा होऊं लागला, तर मात्र तडक रुग्णालय गांठावें.

पुढचें काम दंतवैद्याचें. परंतु त्यांत काय काय शक्य आहे हें घरच्यांस ठाऊक असलेलें बरें. कडेची बारीकशी कपची उडाली असेल तर घासून गुळगुळीत करणें पुष्कळदां पुरतें. कपची मोठी असेल तर दांताच्या रंगाची राळ भरून तेवढीच जागा दुरुस्त करतां येते. कालांतरानें तिचा रंग उतरतो, पण दांतास धक्का लागत नाहीं. पापुद्रा अखंड निघाला असेल तर दोन्ही बाजू साफ करून तोच पुन्हां बसवितां येतो. आरपार तडा गेला असेल किंवा कडेखालीं कीड शिरली असेल, तर मात्र तो बदलावा लागतो. बदलतांना जुना पापुद्रा हिऱ्याच्या टोंकानें कोरून काढतात. पोर्सेलीन, राळ व दांत यांचे रंग इतके सारखे असतात कीं, कितीहि जपलें तरी थोडेंसें दंतवल्क त्याबरोबर जाण्याचा धोका असतो. म्हणून एक मोडला असतां सगळेच बदलण्याचा सल्ला मिळाल्यास त्याचें कारण अवश्य विचारावें, व अन्य दंतवैद्याचेंहि मत घ्यावें.

पापुद्रा मोडला कां, याचा शोध न घेतां केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाहीं. पोर्सेलीन कांचेच्या जातीचें. सरळ दाब सोसतें, पण वांकणें वा ताण त्यास सोसवत नाहीं. दांतांनीं दोरा तोडणें, नखें कुरतडणें, सुपारी फोडणें, ऊंस सोलणें, बाटलीचें झांकण काढणें, या संवयी त्याच्या वैरी आहेत. त्याहून मोठा वैरी झोपेंत दांत चावण्याची खोड. कारण ती ज्याची त्यास बहुधा ठाऊकच नसते.

त्या सुनेनें संध्याकाळचें हळदीकुंकू तसेंच पार पाडलें. पहिल्या दोन-चार जणींपुढें ओठांवर पदर गेला. पुढें कामाच्या गर्दींत तिला त्याचें भानहि राहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दंतवैद्यानें तपासलें. दांत शाबूत होता, पापुद्राहि अखंड होता. तोच पुन्हां बसला. मात्र निघतांना त्यांनीं विचारलें, “सकाळीं उठल्यावर जबडा आंबल्यासारखा वाटतो काय?” ती चकित होऊन ‘हो’ म्हणाली. महिनोन्महिने ती तें थकव्यावर ढकलीत होती. आतां ती रात्रीं दांतांवर एक पारदर्शक साचा घालून झोंपते. वडीनें पापुद्रा निखळला खरा. पण तो सैल करण्याचें काम रोज रात्रीं चाललें असावें, हें त्या दिवशीं कळलें.