पोचा कुठे पडला?



रायफल शिकायला आलेल्या मुलांच्या हातून काडतूस कधी ना कधी फरशीवर पडतेच. उचलून पाहावे, तर शिशाच्या गोळीला बारीकसा पोचा आलेला. काडतुसे महाग, त्यामुळे टाकून देववत नाही. मग ते वापरायचे की नाही?

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातली गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि चांगली मऊ असते. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे. अंतिम फेरीत दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण जातो.

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी साधारण ४० सेंटिमीटरमध्ये एक गिरकी घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे आठशे गिरक्या! लहानपणचा भोवरा आठवा. आर मधोमध नसली की तो थडथडतो. गोळीचेही तसेच. पोच्यामुळे तिचा वजनाचा मध्य सरकला, तर नळी सोडताच ती बाजूला फेकली जाते. हिशेब केला, तर हा मध्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने सरकला तरी पन्नास मीटरवर गोळी जवळजवळ आठ मिलिमीटर चुकते. १०.९ गुणांचा नेम १०.० वर येतो.

पण प्रत्येक पोचा सारखा नसतो. फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडून पाहिल्या आणि १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी जागेवर लागल्या, बूड बिघडलेल्या मात्र विखुरल्या. कारण नळीतून बूड शेवटी बाहेर पडते. त्याची कड एका बाजूला तुटलेली असेल, तर मागचा वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो.

आपल्या काडतुसात बूड पितळी कवचात सुरक्षित असते. म्हणून टोकावरच्या पुसट खुणेची फार चिंता नको. बाजूला खोल पोचा असेल किंवा गोळी कवचात तिरकी झाली असेल, तर नेम बिघडणारच. कवचावरचा डाग नेम बिघडवत नाही, कारण कवच मागेच राहते. मात्र कवचाची कड चेपली असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर ते काडतूस झाडू नये, प्रशिक्षकांकडे द्यावे. गोळीवर मेणाचा हात असतो, त्याला चिकटलेली धूळही नळीत नेऊ नये.

मी मुलांना सांगतो, पोचा आलेले काडतूस सरावातही मोजणीच्या नेमाला वापरू नका. एक गुण गेला तर भरून काढता येतो. पण चूक आपली की गोळीची, हेच कळले नाही, तर त्या नेमातून शिकणार काय?

आणि हेही लक्षात ठेवा. बिघडलेल्या गोळ्या कधी इकडे, कधी तिकडे जातात. सगळ्याच गोळ्या डावीकडे लागत असतील, तर काडतुसाला दोष देऊ नका. आपला खांदा, श्वास आणि चापावरचे बोट तपासा.