मेलेल्या बाईचं नाव काय?

(सातपाटी येथे पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. थोडे संपादित करून देत आहोत.)

बंदी चालू आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्यात, पहाटे बाजार गाठायची घाई नाही, म्हणून आज एवढ्या जणी इथे बसलेल्या दिसताय. आता येताना दारातच एका मावशीने मला अडवलं. म्हणाली, "ताई, पत्रकावर तुझ्या नावापुढे इंग्रज माणसाच्या खुनाच्या गोष्टी असं काहीतरी लिहिलंय. आम्हाला नवऱ्याच्या दारूचं, पोरीच्या लग्नाचं बोलायचंय. खुनाच्या गोष्टी कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र शेवटी देते. तोवर गोष्ट ऐका.

रहस्यकथा आपल्याला नवीन नाहीत. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपल्या घरातल्या जुन्या माणसांनी त्या आठ आण्याच्या वाचनालयातून आणून रात्र रात्र वाचल्यात. झुंजार, काळा पहाड ही नावं काढली की अजूनही म्हाताऱ्यांचे डोळे चमकतात. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते एच. आर. एफ. कीटिंग हे मात्र इंग्लंडचे. जन्म 1926, मृत्यू 2011. वर्तमानपत्रात नोकरी केली, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये अनेक वर्षं रहस्यकथांची परीक्षणं लिहिली. 1959 साली पहिली कादंबरी आली. पुढे आणखी काही आल्या. पण अमेरिकेतले प्रकाशक म्हणत, ही पुस्तकं फारच इंग्रजी आहेत, आमच्याकडे चालायची नाहीत. तेव्हा कीटिंगांनी ठरवलं, पुढची गोष्ट इंग्लंडबाहेर घडवायची. आणि त्यांनी निवडली आपली मुंबई!

गंमत अशी की त्यांनी मुंबई पाहिलेलीच नव्हती. नकाशे, पुस्तकं, वर्तमानपत्रं, सिनेमे यांच्या आधाराने त्यांनी 1964 साली 'द परफेक्ट मर्डर' लिहिलं. त्याचा नायक मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. आधी ते त्याचं नाव घोष ठेवणार होते. कुणीतरी सांगितलं, अहो, हे बंगाली नाव, मुंबईचा मराठी इन्स्पेक्टर घोष कसा असेल? मग घोषचा घोटे झाला. बायकोचं नाव मात्र बंगाली वळणाचं, प्रोतिमा, तसंच राहिलं. बघा, नायकाचं नाव दुरुस्त करायचं कुणाच्या तरी लक्षात आलं, बायकोच्या नावाकडे कुणी वळून पाहिलं नाही. या पुस्तकाला तिकडच्या रहस्यकथाकारांच्या संघटनेचं मानाचं 'गोल्ड डॅगर' बक्षीस मिळालं. पुढे दहा वर्षं त्यांनी न पाहिलेल्या मुंबईवर पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. शेवटी 1974 साली एअर इंडियाने त्यांना विमानाचं तिकीट देऊ केलं, तेव्हा कुठे ते आपल्या घोटेच्या गावात उतरले. 1988 साली 'द परफेक्ट मर्डर'वर सिनेमा निघाला. त्यात घोटे झाले नसीरुद्दीन शाह आणि त्यांच्या बायकोच्या भूमिकेत होत्या रत्ना पाठक शाह.

मी कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवर यातलं एक जुनं पुस्तक घेतलं आणि नंतर नोकरीच्या निमित्ताने पालघर ते मुंबई येता-जाता बाकीची मिळतील तशी वाचली. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. माणसं चमत्कारिक इंग्रजी बोलतात. बाहेरच्याने काचेतून पाहिलेली मुंबई आहे. तरी मला घोटे आवडला, त्याचं कारण सांगते. तो झुंजारसारखा शूर नाही. साहेबाने हाक मारली की त्याच्या पोटात गोळा येतो. पैसेवाला त्याला दारात ताटकळत ठेवतो. घरी बायको म्हणते, तुम्हाला कुणीही वाकवतं. पण हा घाबरट माणूस प्रश्न विचारायचं सोडत नाही. घाबरतच पुन्हा जातो, पुन्हा विचारतो. आपल्यापैकी कितीजणी पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी अशाच घाबरत चढल्या, आठवून बघा. धीट झाल्यावर जाऊ म्हटलं असतं तर आजवर एकही तक्रार नोंदली गेली नसती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 1970 साली आलेल्या एका पुस्तकाचं नाव आहे 'इन्स्पेक्टर घोटे ब्रेक्स ॲन एग'. घोटेला एका लहान शहरात पाठवतात. तिथल्या नगराध्यक्षाची पहिली बायको पंधरा वर्षांपूर्वी मेलेली असते. ती कशी मेली, हे आता शोधायचं. घोटे कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याच्या वेषात तिथे जातो. गावाला चौकशी नको असते. नगराध्यक्ष मोठा माणूस, सगळ्यांची कामं त्याच्याकडे अडकलेली. त्यात एक साधू चौकशी थांबवा म्हणून उपोषणाला बसतो आणि सगळं गाव घोटेवर उलटतं. शेवट सांगत नाही, ज्यांना वाचायचंय त्यांची मजा जाईल.

ही गोष्ट मला फार ओळखीची वाटली. मोठ्या माणसाची बायको, झाकलेला मृत्यू, गप्प बसलेलं गाव, आणि वर देवाधर्माची सावली. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या एक लक्षात आलं. मला घोटे आठवत होता, साधू आठवत होता, नगराध्यक्ष आठवत होता. जी मेली तिचं नाव आठवेना. तिला काय आवडायचं, ती कुणाशी बोलायची, तिने कुणाला काही सांगितलं होतं का, यातलं काहीच डोक्यात राहिलं नव्हतं. बहुतेक रहस्यकथांत हेच होतं. बाई पहिल्या पानावर मरते आणि उरलेलं पुस्तक हुशार पुरुषांचं होतं.

आणि हे फक्त पुस्तकात होतं असं नाही. मंजुश्री सारडाचं नाव तुमच्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल. पुण्यात जून 1982 मध्ये, लग्नाला चार महिने झाले असताना, तिचा विषाने मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. ती पत्रं कोर्टात वाचली गेली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली. 1984 साली सुप्रीम कोर्टाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पत्रांमधलं तिचं दुःख पाहता तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. बाईने दुःख लिहून ठेवलं, आणि त्याच दुःखाने प्रश्न दुसरीकडे वळला.

त्या वेळी पुण्यातल्या बायका गप्प बसल्या नाहीत. 1982 सालीच विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. त्यांनी एक प्रदर्शन केलं आणि ते गावोगावी नेलं. त्याचं नाव होतं 'मी एक मंजुश्री'. ते पाहायला आलेल्या बायका आपापल्या घरातलं बोलू लागल्या. मेलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा घ्यायचं, हे त्या बायकांनी आपल्याला शिकवलं.

त्या निकालाबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यात यावर वाद होतो. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळीतली कडी न् कडी जुळली पाहिजे, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, अशी पाच सूत्रं त्या निकालात सांगितली आहेत. आजही देशभरची कोर्टं ती वापरतात. आपल्यापैकी काहीजणी म्हणतात, ही सूत्रंच बायकांच्या मुळावर येतात. मला तसं वाटत नाही. उद्या चोरीच्या नुसत्या संशयावरून आपल्या पाड्यावरचा एखादा पोरगा उचलला, तर त्याला हीच सूत्रं वाचवतील. पुरावा कमी लागावा अशी मागणी आपण करायची नाही. पुरावा पहिल्या दिवशी गोळा व्हावा, ही आपली मागणी. कोर्टात तुटलेली दिसते ती कडी बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच तुटलेली असते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसऱ्या तालुक्यातली. गावाचं नाव सांगत नाही. लग्न होऊन तीन वर्षं झालेली एक मुलगी आमच्या केंद्रावर आली. सासरी मारतात म्हणाली. मी तिला पाणी दिलं, समजूत काढली, पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. ती आली नाही. तीन महिन्यांनी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. पंच दोन्ही सासरच्या भावकीतले. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. शेजारच्या बायकांनी रात्रीचा आरडाओरडा ऐकला होता, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. मग तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ती तुमच्याकडे आली होती ना, कधी आली होती, काय म्हणाली होती, तेवढं लिहून द्या." मैत्रिणींनो, माझ्याकडे तारीख नव्हती. तिचे शब्द नव्हते. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई, केस कशी नोंदवायची हे दोन वर्षं शिकलेली. त्या दिवशी केंद्रावर गर्दी होती, मी म्हटलं नंतर लिहू. त्या आईला मी काय देणार? घोटे पंधरा वर्षांपूर्वीचा मृत्यू शोधायला निघतो. मला तीन महिन्यांपूर्वीचं वाक्य आठवेना.

म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी नीट लक्षात ठेवा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूत कुणाचा हात असल्याचा संशय असला, तर पोलिसांना शवविच्छेदन करून घ्यावंच लागतं आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी लागते. सात वर्षांच्या आतला मृत्यू असेल आणि तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तरीही शवविच्छेदन करावं लागतं. ही तरतूद 1983 साली चळवळीच्या रेट्यामुळे आली. 1 जुलै 2024 पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदललेत. ही तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये आहे. 498-अ म्हणायची सवय झालीय, ते आता न्याय संहितेत 85 आणि 86 आहे. हुंडाबळीचं 304-ब आता 80 आहे. आकडे बदलले तरी हक्क गेलेला नाही, हे ठाण्यात ठामपणे सांगा. आणि पंचनाम्याला शेजारपाजारची दोन प्रतिष्ठित माणसं लागतात, ती पुरुषच असावीत असं कुठेही लिहिलेलं नाही. त्या वेळी तुमच्यातली एकजण पुढे झाली पाहिजे.

कीटिंगांनी उतारवयात, 2000 साली, एक नवी नायिका आणली, पोलीस अधिकारी हॅरिएट मार्टेन्स. तिला सगळे 'कठोर' म्हणतात. पुरुषांच्या खात्यात टिकायचं तर बाईने दगड व्हायला हवं का, हा प्रश्न त्या पुस्तकांत आहे. 1964 साली त्यांना मुंबई सीआयडीत बाई अधिकारी सुचली नव्हती. 2004 साली मुंबई गुन्हे शाखेच्या प्रमुख झाल्या मीरां बोरवणकर. लेखकाच्या कल्पनेला सुचलं नाही ते प्रत्यक्षात घडलं. पण प्रत्येक गावात बोरवणकर येणार नाहीत. गावात तुम्हीच आहात.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. खुनाच्या गोष्टी कशाला? कारण त्या गोष्टींत एक नियम पक्का असतो. माणूस मेला की कुणीतरी थांबतं आणि विचारतं, हे कसं झालं? आपल्याकडे सून मेली की विचारायच्या आधी लाकडं रचलेली असतात. गोष्टीतला तो एक नियम मला आपल्या गावात हवाय.

तुम्ही कोळणी हिशोबाला किती पक्क्या, हे मला कुणी सांगायला नको. कुणी किती पापलेटं उधार नेली, दोन दिवाळ्यांपूर्वीचं तुम्हाला तोंडपाठ असतं. तशीच एक वही मंडळात ठेवू या. बाई येऊन बोलली की तारीख, वेळ, तिचं पूर्ण नाव, तिच्याच तोंडचे शब्द, आणि ऐकायला कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहायचं. तिची परवानगी घ्यायची आणि वही कुलपात ठेवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दहावीतल्या पोरींनी लिहायचं.

ती वही कधीच कोर्टात जाऊ नये, असंच मला वाटतं. त्या नावांतली प्रत्येक बाई जिवंत राहावी आणि वही नुसती धूळ खात पडावी. पण गेलीच, तर तिच्यात पहिल्या ओळीवर त्या बाईचं नाव असलं पाहिजे.

मी एक कोरी वही आणली आहे. पहिल्या पानावर मी त्या विहिरीतल्या मुलीचं नाव लिहिलंय. दुसरं पान कोरं आहे. ते कोण सांभाळणार, तेवढं आज उठायच्या आधी ठरवू या.