दोष साखरेचाच कशावरून?

लघवीला फेस येतो, पाय सुजतात आणि साखर तर दहा वर्षांपासूनची. मग घरातले सगळे एका सुरात म्हणतात, “शुगरनं किडनी धरली.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मधुमेह्यालाही मूत्रपिंडाचा दुसराच आजार होऊ शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात.

खात्री करायची तर बायॉप्सी. रुग्णाला पालथं झोपवायचं, सोनोग्राफीत बघत सुई घालायची आणि शेवईसारखा बारीक तुकडा काढायचा. रक्तस्रावाची धास्ती असतेच. म्हणून रक्तातली प्रथिनंच काही सांगतील का, हा शोध चालू आहे.

ठोस धागा हाती आला २००९ साली. ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या आजारात शरीर स्वतःच्याच मूत्रपिंडातल्या ‘पीएलएटूआर’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, असं दिसलं. प्राथमिक स्वरूपाच्या आजारात सुमारे ७० टक्के रुग्णांच्या रक्तात ती सापडतात. सापडली, की साखरेवर खापर फोडण्याआधी थांबायचं. नाही सापडली, म्हणून तो आजार नाहीच, असं मात्र नाही.

बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाहाशी निगडित १७ प्रथिनांचा संच मांडला. काम मोलाचं, पण प्रश्न निराळा: मधुमेह्यांपैकी कोणाची किडनी पुढे निकामी होण्याचा धोका जास्त? आजार कोणता, हे ओळखण्यासाठी तो संच नव्हता.

तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नसतानाही लघवीतली प्रथिनं एकाएकी वाढली असतील, तर डॉक्टरांना जरूर विचारा, “हे साखरेमुळेच आहे ना?”