परदेश आणि मनाचे आरोग्य



परदेशी गेलेल्या माणसाचे मन बिघडले, की आपण चटकन म्हणतो, ‘तो मुळातच हळवा.’ या समजुतीला एकेकाळी संशोधनाचाही आधार मिळाला होता. ओर्नुल्व ओडेगॉर या नॉर्वेजियन मानसोपचारतज्ज्ञाने 1932 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन राहिलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयाची दप्तरे त्याने चाळली. स्किझोफ्रेनियाचे प्रमाण तेथल्या मूळच्या अमेरिकनांपेक्षा, आणि मायदेशी राहिलेल्या नॉर्वेजियनांपेक्षाही, या मंडळींत अधिक भरले. त्याने त्याचा अर्थ असा लावला, की ज्यांचे आपल्या गावी बस्तान बसत नाही तीच माणसे बोटीवर चढतात. आजाराचे बी ती बरोबरच नेतात.

मला हा अर्थ नेहमीच जाचत आला. पण जाचणे म्हणजे खंडन नव्हे. खंडनाला सामग्री पुरवली ती सुरिनामने. 1975 साली तो देश स्वतंत्र झाला आणि त्या सुमारास लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा हॉलंडला गेला. त्यात 1873 पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी गिरमिटियांचे वंशजही होते. एवढा समाज उठतो तेव्हा हळवे तेवढेच गेले, असे कसे म्हणावे? डच संशोधकांनी तर हिशेब मुद्दाम कडक केला. मागे राहिलेले सारे सुरिनामी निरोगीच आहेत असे धरून त्यांनाही भागाकारात घेतले. तरीही प्रमाण डच लोकांपेक्षा जास्तच निघाले!

2005 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्थलांतरितांत धोका सुमारे 2.7 पट आणि तिकडेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत 4.5 पट आढळला. ही मुले तर कोणत्याच बोटीवर चढली नव्हती. (ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी घाबरू नये. मुळात हा आजार शंभरात एखाद्यालाच होतो. आणि हे आकडे सर्वांना सारखे लागू नाहीत, कृष्णवर्णीयांत ते विशेष चढे आहेत.)

हेग शहरातील एक पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. शहर तेच, हवा तीच. पण ज्या वस्तीत आपल्या समाजाची माणसे थोडी, तेथील स्थलांतरितांत आजार अधिक. जेथे शेजारी पुष्कळसे आपलेच, तेथे डच लोकांहून फारसा फरक नाही. परदेशात एकाच इमारतीत कोंडाळे करून राहणाऱ्या आपल्या लोकांना मी पूर्वी नावे ठेवीत असे. ती सवय मी सोडली आहे.