जोडचाकातली हवा आणि आपला जीव
(मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही महागाई भत्त्यावर बोलणार नाही, हवेवर बोलणार आहोत. टपालाच्या गाडीच्या मागच्या चाकांतल्या हवेवर! रेल्वेतल्या बंधूंना वाटेल, याच्याशी आमचा काय संबंध? पण फलाटावर उतरलेल्या थैल्या याच गाड्या पुढे नेतात, आणि गाडी उलटली तर थैल्यांबरोबर आपलाच माणूस आत असतो.

सहा चाकी गाडीला मागे प्रत्येक बाजूला दोन टायर, एकाच हबवर आवळलेले. दोघांनी भार सारखा वाहावा, हा त्यामागचा हिशेब. आतल्याची हवा उतरली की त्याचे ओझे बाहेरच्यावर पडते. गाडी मात्र सरळ उभी दिसते. दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागत असल्याने मऊ टायर रस्त्यावर घासतो, दुमडतो, तापतो. मग एक फुटतो, दुसऱ्यावर दुप्पट भार येतो. प्रसंगी आगही लागते.

आम्हीही वर्षानुवर्षे टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखत आलो. पण ऐंशी पौंड आणि साठ पौंड यांचा आवाज कानाला सारखाच लागतो. एका रात्री घाटाच्या पायथ्याशी आम्हाला जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहिले, तर बाहेरचा टायर टणक आणि आतला पार बसलेला! खुलासा मागितला गेला तो ड्रायव्हरकडे. डेपोत गेज होता कुठे, हे कोणी विचारले नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. हवा गेजनेच मोजा, तीही टायर थंड असताना, म्हणजे गाडी थांबून निदान तीन तास झाल्यावर. जोडीतल्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. धावून तापलेल्या टायरात हवा जास्त दाखवली तरी सोडू नका. आणि ऐंशी पौंडांच्या जागी चौसष्ट किंवा त्याहून कमी भरली, तर तो टायर बसला असे समजा; उतरवून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नका. आतल्या तारा तुटल्या असतील तर तो भरतानाच फुटतो.

आता मागणी. प्रत्येक डेपोत चालू गेज हवा. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही, म्हणून तिथे जोडनळी हवी. आणि तपासणीला ड्युटीतलीच वेळ हवी. ही काही नवी मेहेरबानी नव्हे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने गाडीच्या देखभालीचा वेळ कामाच्या तासांतच धरला होता. तेच तत्त्व आपण मागतो आहोत.

जोडीतला एक ढिला पडला की दुसऱ्याचा जीव जातो, हे संघटनेत मुरलेल्या कामगाराला वेगळे सांगायला नको. उद्या गाडी काढण्यापूर्वी आधी आतल्या चाकाची हवा बघा. गेज नसेल तर तसे लेखी कळवा आणि त्याची नक्कल शाखेकडे द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!