नजरेचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. तेव्हा विद्वत्तेचे शब्द मजकडून होणार नाहीत. घरात घडलेली एक गोष्ट तेवढी सांगते.

माझे माहेर इंदापूरचे, सासर बारामतीचे. थोरले दीर २०२१ साली करोनात गेले. पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होते. तिळगूळ जाऊबाईंनीच केला, वाणाच्या वस्तूही त्यांनीच मोजून लावल्या. बायका येऊ लागल्या तशा त्या आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. 'आत जा' असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. पण करंडा घेऊन मिरवणाऱ्या मीही 'बाहेर या' म्हटले नाही.

रात्री भांडी आवरताना मनात आले, हा नियम पाळून घेतो तरी कोण? ना पोलीस, ना कोर्ट. पाळून घेतो आपणच. एकीने भुवई चढवावी, दुसरीने कुजबुजावे, तिसरीने पुढचे बोलावणे टाळावे, झाला बंदोबस्त! जाऊबाईंनी टिकली लावलेला फोटो मोबाईलवरच्या गटात टाकला, तेव्हा एरवी सगळ्यांना फुलांचे गुच्छ धाडणाऱ्या आपण साऱ्याजणी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी टिकली काढली. गप्प बसणे हाही एक निकालच असतो.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तरी मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलेच. आपल्या राज्यात २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्याने जातपंचायतीला आवर बसेल. परंतु माझ्या हातातल्या करंड्याला कोण शिक्षा करणार?

म्हणून मला हेरवाडचे मोल वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. या कामासाठी झटणारे प्रमोद झिंजाडे तर आपल्या शेजारचे, उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळ्याचे. आपल्यामागे पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असे त्यांनी स्टँपपेपरवर लिहून ठेवले.

गावाने मिळून बांधलेली गाठ गावानेच मिळून सोडवावी लागते. एकटी बाई टिकली लावते, तेव्हा ती आगाऊ ठरते. चाळीसजणी तिच्याभोवती उभ्या राहिल्या, की तीच रीत होते.

यंदा संक्रांतीला मी करंडा जाऊबाईंपुढे धरला. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, तुम्हा सर्वांकडे पाहिले. मग कपाळ पुढे केले. हात माझाच कापत होता.

माझी एवढीच विनंती, की पुढच्या संक्रांतीच्या आमंत्रणात 'सुवासिनींनी यावे' हे न लिहिता 'सर्व भगिनींनी यावे' असे लिहावे. जिला कुंकू नको असेल, तिला आग्रह करू नये. नाहीतर तीही नवी सक्तीच व्हायची. पण स्वयंपाकघरात कोणी बसलेले नाही ना, एवढे मात्र प्रत्येकीने आत डोकावून पाहावे.