राखणीचा कुत्रा आणि गोचीड

वस्तीवरच्या कुत्र्याला गोचीड झाले, की काही जण पिकावर फवारायचं औषधच पाण्यात कालवून त्याच्या अंगावर ओततात. असं मुळीच करू नका. हे विष कातडीतून भिनतं, शिवाय कुत्रा अंग चाटतो. तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं आणि जनावर दगावतं. त्याच्याशी खेळणाऱ्या पोरांनाही धोका पोचतो.

मग काय करावे? दुपारच्या उन्हात कोमट पाण्याने कुत्रा धुवा. धुण्याचा सोडा नको. कुत्र्यासाठी मिळणारा साबण लावा. कानात पाणी जाऊ देऊ नका. साबण पुरता काढून अंग कोरडे करा. मग कान, मान, बोटांच्या बेचक्या तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि विस्तवात टाका. बोटांनी चिरडू नका.

नुसत्या आंघोळीने सगळे गोचीड जात नाहीत. औषध आणि त्याचे प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच ठरवा. गोचिडाची मादी भिंतीच्या भेगांत अंडी घालते, तेव्हा कुत्रा बसतो तिथल्या भेगाही लिंपून घ्या. रात्रभर तो तुमचं खळं राखतो; त्याची एवढी काळजी घ्याच.